गुंठ्याला ८५ रुपये: अतिवृष्टीचं अनुदान ठरतं कसं, येतं कुठून, अडतं कुठं

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अनुदानाची यादी लागली की लोक ती बोटानं वाचतात. बोट आधी नावावर जातं, मग गट नंबरावर, मग क्षेत्रावर. शेवटच्या रकान्यातल्या रकमेपाशी पोचलं की तिथं थोडं थांबतं आणि उलटं फिरून पुन्हा क्षेत्रावर येतं. "दीड एकर हाय की रं माझं सोयाबीन. पाच हजार शंभरच कसं?"

हा प्रश्न मी २०२५ च्या दिवाळीत धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात इतक्या वेळा ऐकला की शेवटी खिशात कागद-पेन ठेवायला लागलो. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सीना नदीला असा पूर आला होता, की परंडा-भूम भागात माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. पुढं ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, आणि टीव्हीवर पट्टी फिरली: जिरायतीला हेक्टरी १८,५००. त्या हिशेबानं दीड एकराला अकरा हजार तरी यायला हवेत. आले पाच हजार शंभर. मग मधले गेले कुणाच्या घशात, असं कुणीही विचारणारच.

या वेळी तरी ते कुणाच्या घशात गेले नव्हते. का, ते कळायला हे अनुदान बनतं कसं तेच मुळापासून बघावं लागतं.

आधी नावातली गफलत

आपण सगळे याला 'नुकसानभरपाई' म्हणतो. पुढारी म्हणतात, बातम्यांत तेच येतं. शासन निर्णय उघडला तर तिथं दुसराच शब्द दिसतो: निविष्ठा अनुदान. निविष्ठा म्हणजे पेरणीला लागणारा माल, बी, खत, औषध. बुडालेल्या पिकाची किंमत देण्याचा सरकारचा इरादाच नाही. पुढच्या हंगामात शेत मोकळं पडू नये, पुन्हा पेरायला हाताशी काहीतरी असावं, एवढ्यासाठी हा हातभार आहे.

ही नुसती शब्दांची चिकित्सा नाही, पुढचा सगळा हिशेब या एका शब्दावर उभा आहे. भरपाई म्हटलं की पिकाची किंमत, उतारा, बाजारभाव हे सगळं आलं. अनुदानात यातलं काहीच बघत नाहीत. तुमचं सोयाबीन एकरी आठ क्विंटलचं होतं की चारचं, तूर होती की कापूस, दर तोच. आणि हे मिळतं एका हंगामात एकदाच. ऑगस्टच्या पावसात निम्मं पिवळं पडलं म्हणून एकदा अनुदान घेतलं आणि उरलेलं सप्टेंबरच्या पुरात गेलं, तर त्याच रानावर त्याच हंगामात दुसऱ्यांदा मिळत नाही. भरपाई दोनदा मागता आली असती. पण पेरणी एकदाच करायची, म्हणून अनुदानही एकदाच, असं हे सरकारी तर्कशास्त्र.

आता दर. केंद्र सरकारनं २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेले निकष असे: जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, खात्रीच्या पाण्यावरच्या बागायतीला १७,००० आणि द्राक्ष, डाळिंब, लिंबू अशा बहुवार्षिक फळबागेला २२,५००. मर्यादा एका शेतकऱ्याला दोन हेक्टर.

हेक्टर हा शब्द कागदावर बरा दिसतो. आपल्या हिशेबात आणायचा तर सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, शंभर आरांचा एक हेक्टर, आणि बोलताना आपण आरालाच गुंठा म्हणतो. काटेकोर मोजणीत दोन्हींत किंचित फरक आहे, पण यादी वाचायला एवढं पुरतं. म्हणजे जिरायतीला गुंठ्याला ८५ रुपये, बागायतीला १७०, फळबागेला २२५. चाळीस गुंठ्यांच्या एकराला ३,४००, ६,८०० आणि ९,०००.

८५ हा आकडा पाठ करून ठेवा. यादीतल्या क्षेत्राला त्यानं गुणलं की रक्कम यायला हवी. दीड एकर म्हणजे ६० गुंठे. साठ गुणिले ८५, पाच हजार शंभर. यादी बरोबर होती.

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावानं एकराचं जिरायत अनुदान होतं ६४ किलो सोयाबीन. एक पोतं म्हणा. द्राक्षवाल्याचं दुखणं आणखी वेगळं. त्याच्या एकराच्या नुसत्या मांडवालाच लाखांत पैसे गेलेले असतात, आणि त्याच्या हातात नऊ हजार.

मग साडेअठरा हजार कुठून आले?

साडेअठरा हजार ही एक रक्कम नाही. साडेआठ आणि दहा अशा दोन रकमांची ती बेरीज आहे. केंद्राच्या निकषाप्रमाणे ८,५००, आणि रब्बीचं बी-खत घ्यायला म्हणून राज्यानं वर टाकलेले १०,०००. तसंच बागायतीचे १७,००० अधिक १०,००० मिळून २७,०००, आणि फळबागेचे ३२,५००. शिवाय दोन हेक्टरांची मर्यादा राज्यानं तीनवर नेली. घोषणा एका दिवशी, एका दमात झाली. पैसे मात्र वेगवेगळ्या शासन निर्णयांनी, वेगवेगळ्या वेळी सुटले: पहिल्या दोन हेक्टरांचे वेगळे, तिसऱ्याचे वेगळे, रब्बीचे दहा हजार वेगळे. माझ्यासमोर उभ्या असलेल्या तात्यांना जे पाच हजार शंभर दिसत होते तो पहिला हप्ता होता. सहा हजार अजून वाटेत होते. ते साधेपणानं सांगायला कुणी बसलं नव्हतं, म्हणून गावभर 'पैसे खाल्ले'.

असे तुकडे पडायला कारण आहे. कोणता रुपया कुणाच्या खिशातून येतो, यावर तो कधी आणि कोणत्या कागदानं सुटणार हे ठरतं.

पेपरात 'एनडीआरएफच्या निकषानुसार मदत' असं वाचलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर नारिंगी कपड्यातले, बोटी घेऊन आलेले जवान येतात. ते राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल. त्याच आद्याक्षरांचा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी ही तिजोरी. दल आणि निधी दोन्ही आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधून आले, एवढंच त्यांचं नातं. शेतकऱ्याला मिळणारा पैसा मात्र आधी सुटतो तो राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. या निधीत दर शंभरातले ७५ केंद्राचे आणि २५ राज्याचे. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना ९० आणि १० असं झुकतं माप आहे. वित्त आयोग पाच वर्षांसाठी रक्कम ठरवून देतो आणि केंद्र आपला वाटा वर्षाला दोन हप्त्यांत सोडतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रानं महाराष्ट्राला १,५६६ कोटी ४० लाख दिल्याची बातमी आली होती. ती खास नवी मदत नव्हती. याच निधीतल्या केंद्राच्या वाट्याचा दुसरा हप्ता तेव्हा लवकर सोडला, इतकंच.

राज्याचा निधी पुरत नसेल तर राज्यानं केंद्राला निवेदन पाठवायचं. मग वेगवेगळ्या मंत्रालयांचे अधिकारी मिळून बनलेलं केंद्रीय पथक पाहणीला येतं, त्याचा अहवाल गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय समितीपुढं जातो आणि राष्ट्रीय निधीतून रक्कम मंजूर होते. तीसुद्धा राज्याच्या निधीतल्या सुरुवातीच्या शिलकीच्या निम्मी रक्कम वजा करून. पथक येईपर्यंत पाणी ओसरलेलं, वाफसा आलेला, कुणी हरभरा पेरून मोकळा झालेला असतो. त्याच्या बांधावर साहेब लोकांना कुजलं सोयाबीन दाखवायचं तरी कसं? लोक हसतात, पण पथक कोरड्या रानाच्या भरवशावर नसतं. त्याचा खरा आधार पंचनाम्यांचे आकडे. पंचनाम्याकडं पुढं येतोच.

आता कळीची गोष्ट. केंद्राच्या निकषांपेक्षा राज्यानं एक रुपया जरी जास्त जाहीर केला, तरी तो वरचा रुपया राज्याला स्वतःच्या तिजोरीतून काढावा लागतो. तिसरा हेक्टर, रब्बीचे दहा हजार, हे सगळं या वरच्या खात्यात. म्हणूनच महाराष्ट्रात हे दर गेल्या काही वर्षांत विहिरीतल्या पोहऱ्यासारखे खालीवर होत आले आहेत. २०१५ च्या निकषांत जिरायतीला ६,८०० होते. २०२० च्या ऑक्टोबरात राज्यानं जिरायत-बागायत सरसकट दहा हजार आणि फळबागेला पंचवीस हजार दिले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या दरांच्या दुप्पट, म्हणजे १३,६००, २७,००० आणि ३६,०००, तेही तीन हेक्टरांपर्यंत. २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा केंद्राचे दर आणि दोन हेक्टर. २०२४ च्या १ जानेवारीला पुन्हा २०२२ चेच वाढीव दर, जिरायतीला १३,६००. आणि ३० मे २०२५ ला परत ८,५००, दोन हेक्टर.

तारीख बघा. मेच्या शेवटी दर खाली आले आणि त्याच खरिपात मराठवाडा बुडाला. शेजारच्या दोन वर्षांत, तेवढ्याच पावसानं, त्याच रानात झालेल्या नुकसानीला एकदा गुंठ्याला १३६ आणि एकदा ८५, याचं समर्थन मला तरी सुचत नाही. शेतकऱ्यानं आपत्ती निवडली नव्हती, वर्षही निवडलं नव्हतं.

३१,६२८ कोटींबद्दलही एक सांगून ठेवतो. या आकड्याला शेतकऱ्यांच्या संख्येनं भागायला जाऊ नका. त्यात रस्ते, पूल, वीज अशा पायाभूत कामांचे दहा हजार कोटी धरलेत, रोजगार हमीतून व्हायची कामं धरलीत, पीक विम्यातून येईल अशी अपेक्षित रक्कमही धरलीय. राज्यात त्या खरिपात १ कोटी ४३ लाख हेक्टरांवर पेरा होता आणि नुकसान सुमारे ६८ लाख ६९ हजार हेक्टरांवर, असं तेव्हा सांगितलं गेलं. जवळजवळ निम्मा पेरा.

पासष्ट मिलिमीटर आणि तेहेतीस टक्के

नुकसान झालं म्हणून अनुदान मिळत नाही. ते शासनानं मान्य केलेल्या आपत्तीनं झालेलं असावं लागतं. केंद्राच्या यादीत बारा आपत्ती आहेत: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणं, हिमस्खलन, ढगफुटी, कीड, थंडीची लाट व दहिवर. तुमच्या-आमच्या बोलण्यातली 'अतिवृष्टी' या यादीत नाही! ती राज्यानं आपल्या अधिकारात घातलेली आपत्ती. तशीच अवेळी पाऊस, वीज पडणं, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग. २०२३ मध्ये त्यात 'सततचा पाऊस' आला, कारण पाच-सहा दिवस रोज थोडा थोडा पडणारा पाऊस मोजपट्टीत बसत नव्हता आणि पीक मात्र उभ्या उभ्या सडत होतं.

अतिवृष्टीची मोजपट्टी म्हणजे तुमच्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. मंडळ म्हणजे काही गावांचा गट, आणि त्याच्या पावसाची नोंद धरायची ती मंडळात बसवलेल्या महावेधच्या स्वयंचलित हवामान केंद्रावरून. पाऊस शिवारागणिक बदलतो हे बैलालासुद्धा ठाऊक आहे. तुमच्या वाडीवर ढग रिकामा झाला आणि केंद्र असलेल्या गावात भुरभुर झाली, तर कागदावर तुमच्याकडं अतिवृष्टी झालीच नाही. पुढची सगळी भांडणं इथून सुरू होतात.

पण पुराला ही अट नाही, आणि हे पुष्कळांना माहीत नसतं. नदीनाल्याचं पाणी रानात शिरून पीक गेलं असेल तर तुमच्या मंडळात पाऊस किती पडला हा सवालच येत नाही. सीनेचंच घ्या. ती उगवते अहिल्यानगर जिल्ह्यात, पाऊस पडतो वर, धरणातून पाणी सुटतं आणि खाली आमच्याकडं रात्रीतून रान नदी होतं. अशा वेळी 'आमच्या मंडळात पासष्ट झालाच नाही' म्हणून घरी बसू नये. पंचनाम्यात कारण 'पूर' असं लिहिलं गेलंय का, ते बघावं. २०२५ च्या पॅकेजमध्ये तर बाधित भागांसाठी पासष्टची अटच बाजूला ठेवली होती.

दुसरी चाळणी ३३ टक्क्यांची. २०१५ च्या एप्रिलपर्यंत ती ५० टक्के होती. निम्मं पीक गेल्याशिवाय काहीच नाही, असा कारभार. आता तिसरा हिस्सा गेला की पात्र. पण ही पायरी आहे, उतार नव्हे. ३० टक्के गेलं तर शून्य. ३५ टक्के गेलं तर गुंठ्याला ८५. शंभर टक्के गेलं तरी ८५. ज्याचं सगळं वाहून गेलं आणि ज्याचं तिसरा हिस्सा पिवळं पडलं, दोघं यादीत मांडीला मांडी लावून. टक्का काढायला तराजू नसतो, बघणाऱ्याची नजर असते. त्यामुळं ३० आणि ३५ मधलं अंतर कधी कधी बांधावरच्या चहाएवढं असतं. आता यावर मी काय बोलू? माणसानं माणसाच्या रानात उभं राहून शून्य लिहायचं, हे जड काम आहे. म्हणून सरसकट ३३ च्या वर लिहिणारे भले लोकही असतात, आणि मग पुढच्या वर्षी आकडे फुगले म्हणून वरून फेरतपासणी येते.

बांधावरचे तिघं

पंचनामा संयुक्त असतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. सरकारनं गेल्या दोनेक वर्षांत तिघांचीही बारशी नव्यानं केली: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी. गावात अजून 'भाऊसाहेब आले' असंच म्हणतात.

आमच्या भावकीतल्या एका काकांच्या रानातला पंचनामा मी पाहिला. गुडघाभर चिखल, सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटलेले, हिरवेगार, जणू दुसऱ्यांदा पेरलंय. भाऊसाहेब मोबाइल धरून उभे, कारण फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश यावे लागतात. काकांना सांगितलं, झाड हातात धरून उभं राहा. काकांनी झाड उपटलं आणि सवयीनं मुळाची माती झटकली. मग ताठ उभे राहिले, लग्नात फोटो काढताना राहतात तसे. रेंज नव्हती. चार वेळा उभे राहिले.

त्या दोन मिनिटांत जे लिहिलं जातं त्यावर पुढचं सगळं. कुणाचं रान, कोणता गट, किती आर बाधित, पीक कोणतं, जिरायत की बागायत. इथं सातबारा बोलतो आणि रान गप्प असतं. विहिरीच्या पाण्यावर ऊस आहे, पण ई-पीक पाहणीच, म्हणजे मोबाइलवरून पिकाची सातबाऱ्यावर नोंद, केली नाही, तर दर मिळताना वाद. पोटखराब्यावर, म्हणजे कागदावर लागवडीलायक नसलेल्या जमिनीवर, कसलेलं पीक हिशेबात धरायला कुणी तयार नसतं. आणि बटईनं कसणारा? त्याचं नाव कुठंच नसतं. बी त्याचं, खत त्याचं, उधारी त्याची. अनुदान ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याला, मग तो पुण्यात फ्लॅटमध्ये का बसलेला असेना. काही मालक प्रामाणिकपणे पैसे गावी पाठवतात. काहींचा त्या महिन्यात फोन लागत नाही.

सामाईक खात्याचीही तीच कथा. वडील वारून दहा वर्षं झाली, वारसाचा फेरफार नाही, सातबाऱ्यावर अजून वडीलच. मेलेल्या माणसाचा अंगठा केवायसीला, ओळख पटवायला, येत नाही. चार भावांचं नाव एकत्र असेल तर एकाच्या खात्यावर घ्यायला बाकीच्यांची संमती लागते. आणि भावाभावांचं बोलणं बंद असलं तर ८५ रुपये गुंठा सरकारकडं पडून राहतो. बहिणींचं नाव उताऱ्यावर असेल तर त्यांची सहीही लागते. अशा वेळी कित्येक वर्षांनी माहेरी फोन जातो, तो हा.

व्हीके नंबर

पंचनामे तहसीलदारांकडं, तिथून जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि मंत्रालयातला मदत व पुनर्वसन विभाग. मग शासन निर्णय निघतो. त्यात जिल्हा आणि महिने लिहिलेले असतात, आणि ते वाचण्यात शहाणपण आहे. जून ते ऑगस्टच्या नुकसानीचा निर्णय वेगळा, सप्टेंबरचा वेगळा. शेजारच्या जिल्ह्याचे पैसे आले म्हणजे आपले अडले, असं नसतं.

निधी आल्यावर तहसीलमधून याद्या पोर्टलवर चढवतात आणि प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. तोच आपला व्हीके नंबर. तो घेऊन आपले सरकार केंद्रावर किंवा सीएससीवर जायचं आणि आधारवर अंगठा लावून केवायसी करायची. ज्यांची अॅग्रिस्टॅकवर नोंदणी होऊन शेतकरी ओळख क्रमांक निघालाय, त्यांना २०२५ मध्ये या केवायसीतून सूट होती. केवायसी करताना पडद्यावर तुमचं नाव, क्षेत्र, रक्कम दिसते. क्षेत्र चुकलं असेल तर तिथंच तक्रार नोंदवता येते, ती तहसीलदारांकडं जाते आणि पावती मिळते. घाईत सगळे 'मान्य' दाबून मोकळे होतात. पावती घडी करून पाकिटात ठेवा, एवढंच म्हणेन.

म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उमटत नाहीत. हयातभर खुरपं धरलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. केंद्रावरचा पोरगा एकेका आजीची दहाही बोटं फडक्यानं पुसून यंत्रावर टेकवत होता.

मग पैसा. तो तुम्ही लिहून दिलेल्या खात्यावर जात नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यावर जातो. या एका वाक्यानं किती हेलपाटे वाचतात! आमच्या वस्तीवरची एक आजी आठवडाभर बँकेत चकरा मारत होती. दर वेळी पासबुक छापून घ्यायची, दर वेळी कोरं. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं, की लाडकी बहीणच्या वेळी सुनेनं तिचंही खातं पोस्टाच्या बँकेत उघडलं होतं आणि आधार तिकडं जोडला गेला होता. पैसे पाच दिवस आधीच तिथं येऊन पडले होते.

आणि बँकेनं ते कर्जात वळते केले तर? शासन निर्णयांत स्पष्ट असतं, की या रकमेतून कसलीही वसुली करू नये. तरी खात्याला होल्ड लागल्याच्या तक्रारी दर वर्षी येतात. अशा वेळी तोंडी भांडू नये. निर्णयाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा आणि त्याची एक प्रत तहसीलदारांना.

पीक विमा हे वेगळंच बिऱ्हाड, त्याचा या अनुदानाशी संबंध नाही. एक मिळालं म्हणून दुसरं बुडत नाही. विमा हप्ता भरून घेतलेला करार आहे. एक रुपयात विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना पाच टक्के हप्ता. त्याच वेळी महाराष्ट्रात, नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवून मिळणारी स्थानिक आपत्तीची भरपाईही योजनेतून गेली. उरला फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे मंडळाचा सरासरी उतारा. ज्यांना वाटतं की पूर आला तेव्हा विमा कंपनीला फोन केला नाही म्हणून आपले पैसे गेले, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. २०२५ च्या खरिपात त्या फोनचा उपयोग नव्हताच.

'ओला दुष्काळ' जाहीर करा, ही मागणी दर पावसाळ्यात होते. दुष्काळाच्या सरकारी संहितेत ओला हा शब्दच नाही. म्हणून २०२५ मध्ये सरकारनं नाव न देता दुष्काळातल्या सवलती लागू केल्या: जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांची परीक्षा फी माफ.

जिथं पीकच काय, रानच गेलं

पिकाचं अनुदान संपतं तिथं आणखी एक रकाना सुरू होतो. रानात गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी १८,०००. जमीन खरडून गेली तर अल्पभूधारकाला हेक्टरी ४७,०००. २०२५ मध्ये त्यावर रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं, आणि गाळानं भरलेल्या विहिरीला ३०,०००. दुभतं जनावर गेलं तर ३७,५००, बैल ३२,०००, शेळी-मेंढी ४,०००, कोंबडी शंभर रुपये. मोठ्या जनावरांत निकषाप्रमाणे तीनपर्यंत मर्यादा असते, ती त्या वेळी काढून टाकली. हे सगळे पंचनामे वेगळे, पिकाच्या पंचनाम्यात ते आपोआप येत नाहीत. जनावराचा पंचनामा पशुवैद्यकीय डॉक्टरकडून, आणि तो पुरण्याआधी. पाण्यात वाहून गेलेल्या म्हशीचं काय करायचं, हा प्रश्न मी सप्टेंबरात तिघांच्या तोंडून ऐकला.

काकांचं रान नदीकडच्या बाजूला वीसेक गुंठे खरडलं होतं. वरची हातभर काळी माती गेली आणि खाली पांढरा मुरूम उघडा पडला. पिकाच्या यादीत त्यांचं नाव होतं, खरडलेल्या जमिनीच्या यादीत नव्हतं. पुन्हा अर्ज दिला, पुन्हा फोटो, पुन्हा त्याच बांधावर उभे राहिले. या वेळी हातात धरायला झाड नव्हतं.

भाऊसाहेबांनी क्षेत्र लिहून घेतलं, ०.२० हेक्टर. काकांनी मनात हिशेब केला आणि म्हणाले, "नऊ हजार चारशे, आन् वरची रोजगार हमीची कामं. पर भाऊसाहेब, माती कुठली आणायची? गावात सगळ्यांचीच गेलीया."

भाऊसाहेबांनी वही मिटली आणि पुढच्या गटाचा नंबर विचारला.